आखाडीपासून राखीपर्यंत

नाहीद सिस्टरने सुई बाहेर काढली, दिव्याच्या मांडीवर कापसाचा बोळा ठेवला आणि रंजीताचा हात ओढून त्यावर दाबला.

"धरा इथं. चोळू नका."

रंजीताने बोळा धरला. दिव्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. गाऊनखाली तिचं पोट मधूनच घट्ट व्हायचं, एका बाजूला उंच यायचं आणि सावकाश सैल पडायचं. पोट घट्ट झालं की ती खाटेची लोखंडी कड धरायची. 

"हे कशाचं इंजेक्शन होय, ताई?" पोट सैल पडल्यावर तिने विचारलं.

"लेकराच्या छातीसाठी."

"त्याच्या छातीले काई झालं का?"

"काई झालं नाई. अजून सगळं व्हायचंच आहे."

बोलून गेल्यावर रंजीताला वाटलं, हे असं सांगायला नको होतं. दिव्याने मान वळवून नणंदेकडे पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

ते औषध रंजीताला पुस्तकातून माहीत होतं. गडचिरोलीच्या एका कॉलेजात ती बी.एस्सी.च्या मुलांना जीवरसायनशास्त्र शिकवायची. पेशीचं पटल कशाचं बनतं, हे ती दरवर्षी फळ्यावर काढून दाखवत असे: एक गोल डोकं, पाण्याशी मैत्री असलेलं, आणि खाली पाण्यापासून पळणाऱ्या दोन शेपट्या. फॉस्फोलिपिड. हे रेणू पेशीला आयते मिळत नाहीत, तिला ते स्वतः घडवावे लागतात. दोन मेदाम्लं एका लहानशा कण्याला बांधली जातात. दुसरीकडून कोलीन येतं, पण ते लगेच जोडलं जात नाही. आधी त्याला तयार करावं लागतं, आणि ती तयारी करणारी पायरी फार सावकाश चालते. ती जेवढ्या वेगाने चालेल तेवढ्याच वेगाने सगळी साखळी चालते. "ही पायरी परीक्षेत हमखास येते," असं ती सांगायची आणि मुलं खाली रेघ मारायची.

त्याच धड्याच्या शेवटी एक छोटा परिच्छेद होता. फुप्फुसातल्या काही पेशी हा माल केवळ स्वतःच्या पटलापुरता करत नाहीत. त्या तो भरपूर करतात आणि हवेच्या इवल्या पिशव्यांमध्ये ओततात. त्याचा पातळ थर पिशवीला आतून लागला, की श्वास बाहेर गेल्यावर ओल्या भिंती एकमेकींना चिकटत नाहीत. गर्भातल्या पेशी हे काम अगदी शेवटी शिकतात. आईला दिलेलं हे इंजेक्शन तिच्या रक्तातून बाळापर्यंत जातं आणि त्या सावकाश पायरीला ढकलतं. त्याला एक दिवस तरी लागतो.

या परिच्छेदावर प्रश्न येत नसे. रंजीता तो वाचून दाखवून पुढे जायची.

"झालं, सोडा," नाहीद सिस्टर म्हणाली. "आणि ताई, तुम्ही अशा तोंडानं नका बसू तिच्यासमोर. पेशंट नातेवाईकाचं तोंड बघून घाबरतो. जा, चाय पिऊन या."

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर रंजीताचा बाप वारलू बसला होता. त्याच्या शेजारी त्याची बहीण सुगंधाबाई पाय वर घेऊन बसली होती, मांडीवर कपड्यांचं गाठोडं. दिव्याचा नवरा गोपाल खांबाला टेकून उभा होता. आरमोरीपलीकडच्या त्यांच्या गावाहून ते उजाडताच गडचिरोलीच्या या दवाखान्याकडे निघाले होते. पहाटे दिव्याचं पाणी गेलं होतं.

"रस्ताभर मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेच्या गाड्या," गोपाल कोणा एकाला उद्देशून नव्हे, असं सांगत होता. "अँब्युलन्सचा भोंगा वाजून राह्यला, पण बाजूले होईल तर शपथ. ट्रॅक्टरमधल्या बाया उलट आमालेच हात जोडत होत्या. म्हटलं, अवो बाई, आत महादेव नाई, माही बायको हाये."

वारलूने दुपट्टा झटकला आणि पुन्हा खांद्यावर टाकला.

"इंजेक्शन देल्लं?" त्याने विचारलं.

"देल्लं बाबा. अजून द्यायचे आहेत. तोवर कळा थांबवायची गोळी चालू आहे."

"कितवा म्हणते डॉक्टर?"

"आई सांगून गेली तोच. सात सरले, आठवा लागला."

सुगंधाबाईने तोंडाला पदर लावला. पदराआडूनच ती बोलली.

"सातव्याचं जगते. आठव्याचं नाई जगत."

"सुगंधा, चूप बस."

"मी का वाईट बोलून राह्यली, दादा? जे पाह्यलं ते सांगून राह्यली. माह्या जावेचं आठव्यातच..."

"आत्या," रंजीता म्हणाली, "असं काई नसते. जेवढे दिवस जास्त पोटात, तेवढं बरं."

"तुमच्या पुस्तकात नसंन." सुगंधाबाईने आवाज खाली आणला. तिचे डोळे खरोखरच घाबरलेले होते. "पार्वताचा जीव या लेकरात अडकला होता, रंजी. पानी पाजलं तरी तिची नजर दिव्याच्या पोटावर. अशी गेलेली बाई एकटी जात नाई. ती न्यायले आली. संक्रांतीपासून मी हेच भेऊन राह्यली होती."

वारलू उठला आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

रंजीताला आत्याचा राग आला नाही. तिला हे खरं वाटत नव्हतं. पण ते ऐकल्यावर वाटलेली भीती खरी होती. आई पार्वताबाई संक्रांतीनंतर गेली. ताप आला, छाती भरली. शेवटी शेवटी तिचा प्रत्येक श्वास वेगळा ऐकू यायचा, जणू दर वेळी तो नव्याने शोधून आणावा लागत होता. रंजीता उशाशी बसून तो ऐकत असे. पुढचा येईपर्यंत तिचाही अडकायचा. पायाशी दिव्या बसलेली असायची, सासूचे तळवे चोळत. तेरवीपर्यंत तिने धड अन्न घेतलं नव्हतं. आज तिचं पाणी लवकर गेलं, ते त्याच जागरणांनी आणि उपाशी दिवसांनी, असं घरात सगळेच धरून चालले होते. रंजीताही.

दुपारी कळा पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टरने सगळ्यांना आत बोलावलं. ती वयाने रंजीतापेक्षा लहान होती. केस घाईने वर बांधलेले, हातमोजे अजून हातात.

"गोळीने जेवढ्या थांबायला हव्या तेवढ्या कळा थांबत नाहीत," ती म्हणाली. "महिन्यांच्या हिशेबाने बाळ एकतीस आठवड्यांचं आहे. मागच्या पंधरवड्यातली सोनोग्राफी साधारण तेवढंच सांगते. पण इतक्या उशिरा केलेल्या सोनोग्राफीवर वयाच्या बाबतीत फार विसंबता येत नाही. आधीची एकही नाही?"

"पाचव्यात करा म्हणे, तर धानाची कापणी होती," गोपाल म्हणाला. "मंग चुरणं. मंग माय बिमार पडली."

डॉक्टरने मान हलवली. ती रागावली नाही, तेच जास्त भीतीचं वाटलं.

"ऐका. एवढ्या कच्च्या बाळाला श्वासाचं यंत्र लागू शकतं. फुप्फुसात एक औषध सोडावं लागू शकतं. आमचं यंत्र आत्ता दुसऱ्या बाळाला लावलेलं आहे. नागपूरला नेलंत तर बाळासाठी बरं. पण ती रस्त्यात मोकळी होणार नाही, याची खात्री मी देऊ शकत नाही. आणि इथे थांबवून ठेवायचं, तर पाणी गेलेलं आहे. आत जंतू शिरले तर दोघांना धोका."

"अन् बाळ मोठं असतं तर?" रंजीताने विचारलं. का विचारलं, तिलाच कळलं नाही.

"चौतिसाच्या पुढचं असतं तर मी हलवाही म्हटलं नसतं आणि थांबवलंही नसतं. सरळ होऊ दिलं असतं. पण ते नाही ना. ठरवा लवकर. मी गाडी सांगून ठेवते."

ती गेली. गोपालने बहिणीकडे पाहिलं.

"ताई, तू सांग. तुले समजते त्यातलं."

तिला समजत होतं, हीच अडचण होती. सुगंधाबाईच्या भीतीला मार्कंड्याचा अंगारा चालला असता. रंजीताला मात्र त्या पिशव्या दिसत होत्या. फुगा पहिल्यांदा फुगवताना गाल दुखतात, पुढची फुंक सोपी जाते, कारण फुगा पुरता मिटत नाही. थर नसलेल्या फुप्फुसात प्रत्येक फुंक पहिलीच असते. बाळ थकतं. बरगड्यांखाली खड्डा पडतो, नाकपुड्या फुलतात, आणि श्वास सोडताना ते कण्हतं, पिशव्या मिटू नयेत म्हणून. हे सगळं उमरेडच्या अलीकडे कुठेतरी, धावत्या गाडीत, गोपालच्या मांडीवर.

"नागपूर," ती म्हणाली. आवाज बरा निघाला. "इथी यंत्र नाई तर दुसरं काय करणार?"

वारलूने नुसती मान हलवली.

गाडी दाराशी लागली. ड्रायव्हर मागचं दार उघडून सलाईनची आकडी तपासत होता. गोपाल दिव्याच्या खाटेखालचं सामान पिशवीत भरू लागला: स्टीलचा डबा, पाण्याची बाटली, चादर. भरता भरता त्याचा हात थांबला.

"पण ताई, हिले रस्ता सोसंन का? तेच मले टेन्शन आहे. हा ब्रह्मपुरीचा रस्ता हिले बिलकुल सोसत नाई."

"अँब्युलन्समध्ये झोपूनच राहील ती."

"झोपून असो का बसून. धोंड्याच्या वाणाले गेलतो ना आमी हिच्या माहेरी, नागभीडले? याच रस्त्यानं. कितीदा गाडी थांबवली विचार तिले. अन् तिथी जाऊन का, तर ताटात एवढे अनारसे, धोंडे, सासूबाईनं तूप वाढलं, अन् ही बाई ताटावरून उठून पळाली मोरीत. माही सासू म्हणे, जावयानं पोरगी उपाशी ठेवली का काय. धोंड्याच्या जेवणात माही इज्जत गेली."

खाटेवर दिव्याला एवढ्यातही हसू आलं. "तुमची इज्जत अनारशातच होती ना. तुमी तर माह्याही वाटचे खाल्ले."

रंजीता पिशवीची चेन लावत होती. ती अर्ध्यावर थांबली.

"दिव्या, तेव्हा गाडी लागली होती तुले?"

"गाडी कायची लागते, ताई? लग्नाच्या आधी मी रोज एसटीनं जात होती कॉलेजले." दिव्या कुशीवर वळली. "तुपाचा वासच सहन होत नव्हता. वास आला का मळमळे. सासरी परत आली तवा तुमच्या मायनं तोंड पाह्यलं अन् म्हटलं, काई तरी आहे वो हिचं."

"धोंड्यात? धोंड्याचा महिना चालू असताना?"

"हो ना. सरत आला होता."

रंजीता खाटेच्या कडेवर बसली. तिला वाटलं आपण फार मोठ्याने बोलतो आहोत, म्हणून तिने आवाज मुद्दाम खाली आणला.

"नीट आठव. त्याच्या आधीची पाळी कधी आली होती?"

दिव्याने लाजून गोपालकडे पाहिलं. तो पिशवीत डोकं घालून उभा राहिला.

"आखाडीले. आखाडीच्या दिवशीच बाहेर बसली होती. माय किती बोलली मले, नेमकी आजच बसली, आता मी एकटी किती तळू म्हणे. त्याच्यानंतर आलीच नाई."

"अन् नर्सबाईले कधी सांगतलं?"

"त्या राखीले आल्या घरी. मीच सांगणार होती, पण मायनं सांगून देल्लं. बोटावर मोजलं. आखाडीची पुनव, अन् ही राखीची पुनव. एक महिना म्हणे."

"मंग? बराबर तर आहे," सुगंधाबाई दारातून म्हणाली. "आखाडी ते राखी एकच महिना होते. जलमापासून एकच होऊन राह्यला."

"यंदा दोन झाले, आत्या. मधात धोंडा होता."

"धोंडा कोन मोजते, वो? तो का महिना होय? त्यात लगन नाई, वास्तू नाई, काईच नाई. देवाचा महिना तो."

"पोटातल्या लेकराले धोंडा माहीत नसते, आत्या."

सुगंधाबाई दारातून आत आली.

रंजीताने मोबाईलमध्ये कॅलेंडर काढलं. तिचा अंगठा चुकीच्या महिन्यावर पडत होता. आषाढी पौर्णिमा. मग अधिकाची. मग राखीची. दोन पौर्णिमांमधली ती तिसरी, जी आईच्या बोटांवर बसलीच नव्हती. त्या न मोजलेल्या महिन्यात दिव्या तिच्या माहेरी मोरीपाशी ओकत होती, आणि तिच्या पोटात पेशी दुणावत होत्या, प्रत्येक नव्या पेशीसाठी नवं पटल विणलं जात होतं. आता तो महिना हिशेबात घेतला तर आठ सरले, नववा लागला. पस्तीस आठवडे आणि वर काही दिवस.

तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच आलं. आणि तेव्हाच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली. हे आपल्याला हवं आहे म्हणून तर आपण मोजत नाही आहोत? उलटी म्हणजे उलटी. ती कशानेही होते. दिव्याला आखाडी नीट आठवत नसेल, मागच्या वर्षीची आठवत असेल. मग इथे थांबायचं, यंत्राशिवाय, एकतीस आठवड्यांचं बाळ, आणि ते कण्हू लागल्यावर रंजीताने कोणाला सांगायचं की मला पौर्णिमा सापडली होती?

"मागच्या आखाडीले तू नव्हतीसच ना बाहेर बसलेली?" तिने विचारलं.

"मागच्या आखाडीले मी माहेरी होती, ताई. पहिला आखाड होता ना. सासूचं तोंड पाहायचं नसते म्हणून पाठवलं होतं."

तेही बरोबर होतं. नव्या सुनेला पहिल्या आखाडात माहेरी पाठवतात. दिव्याने सासूबरोबर सासरी काढलेली आखाडी एवढीच एक.

बाहेर ड्रायव्हरने दार आपटलं. "चला ना भाऊ, अंधार व्हायच्या आत जंगल पार झालं पायजे."

"थांबा," रंजीता म्हणाली आणि डॉक्टरच्या खोलीकडे जवळजवळ धावली.

डॉक्टर उभ्याउभ्याच डब्यातली पोळी खात होती. रंजीताने एका दमात सांगितलं. ऐकताना डॉक्टरचा घास थांबला.

"अधिक श्रावण," ती म्हणाली. "म्हणजे तुमच्या घरी पौर्णिमा मोजल्या?"

"हो. आणि एक धरली नाही."

"तुम्हाला खात्री आहे?"

"नाही," रंजीता म्हणाली. "तिला आहे. मला भीती वाटतेय."

डॉक्टरने डबा बंद केला. "वयासाठी पोट आणि डोकं मोजून आता उपयोग नाही. पण एक पाहता येतं. आणा तिला."

सोनोग्राफीच्या खोलीत खिडकीचा पडदा ओढला होता. मॉनिटरवर करडं, दाणेदार काहीतरी हलत होतं. डॉक्टरने यंत्र पोटावरून फिरवत नेलं, थांबवलं, मागे घेतलं. बाळाने पाय दुमडले होते. रंजीताला तो गुडघा ओळखू आला.

"हे मांडीचं हाड," डॉक्टर म्हणाली. ती रंजीताशी बोलत होती की स्वतःशी, कळत नव्हतं. "त्याच्या टोकाशी हा पांढरा ठिपका. हा बत्तीस-तेहतीसच्या पुढे येतो. आता खाली... थांब गं, बाळा, हलू नकोस."

बाळाने पाय झाडला. दिव्या कण्हली. चित्र धूसर झालं आणि पुन्हा जुळून आलं.

"हे नडगीचं हाड. आणि तो बघा."

नडगीच्या वरच्या टोकाशी, ज्वारीच्या दाण्याहून लहान, दुसरा ठिपका होता.

"हा पस्तिसाच्या आधी सहसा दिसत नाही." डॉक्टरने हातातलं यंत्र ठेवलं आणि पहिल्यांदा श्वास सोडला. "बाळ बारीक आहे. आई बारीक, खाणं कमी, म्हणून ते लहान वाटलं आणि चुकीच्या तारखेशी जुळून गेलं. सिस्टर, गाडी परत पाठवा. कळा थांबवायची गोळी बंद. ही इथेच मोकळी होईल."

"अन् छाती?" रंजीताने विचारलं.

"बहुतेक तयार असेल." डॉक्टर थबकली. "बहुतेक म्हणाले मी."

त्या एका शब्दावर पुढचा सगळा वेळ गेला.

उन्हं व्हरांड्यात आली, बाकाखाली गेली. जत्रेहून परतणाऱ्या गाड्यांची गाणी रस्त्यावरून येत होती आणि जात होती. सुगंधाबाईने गाठोडं छातीशी घेतलं होतं आणि ती बोटांवर काहीतरी मोजत होती, थांबत होती, पुन्हा पहिल्यापासून मोजत होती. वारलू दाराकडे पाठ करून बसला. आतून दिव्याचा आवाज आला तेव्हा त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले.

रंजीता दाराला कान लावून उभी होती. ती दिव्याचं ओरडणं ऐकत नव्हती. ती पुढचं ऐकायला थांबली होती. पाऊस पडतो, झाडाला पानं येतात, तसाच फुप्फुसातला तो थरही तयार होतो, आपोआप. त्या पेशींना हा धडा कोणी शिकवला नसेल, पण त्यांनी तो वेळेत केला असेल का? त्या सावकाश पायरीवरून कोलीन पुढे गेलं असेल का, थर लागला असेल का? पुस्तकात बाण काढलेले असतात. बाण कधी अडखळत नाहीत.

आतला आवाज एकदम थांबला.

मग बाळ रडलं. बारीक, चिरका, रागावलेला आवाज. सुगंधाबाईने "आवो माय" म्हणून गाठोडं खाली टाकलं. गोपाल भिंतीला टेकला आणि घसरत खाली बसला. रंजीता मात्र जागची हलली नाही. एकदा रडण्याएवढा दम कोणातही असतो.

नाहीद सिस्टरने दार उघडलं. तिच्या हातात पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं, इतकं लहान की त्यातून फक्त नाक दिसत होतं.

"मुलगी आहे. मिठाई आणा, भाऊ, रडत काय बसलात? आणि तुम्ही, ताई, असं कुठी पाहून राह्यल्या? तोंड इकडं आहे तिचं."

"कपडा जरा बाजूला कराल?" रंजीता म्हणाली.

नाहीदने तिच्याकडे पाहिलं. तिने कपडा उघडला.

रंजीता वाकली. बरगड्या कोंबडीच्या पिल्लासारख्या होत्या. तिने बरगड्यांखालची जागा पाहिली. नाकपुड्या पाहिल्या. तिने कान जवळ नेला, इतका की बाळाच्या अंगाची ओली ऊब तिच्या गालाला लागली. कण्हणं नव्हतं. श्वास आत गेला. बाहेर आला. छाती खाली गेली, पण मिटली नाही. तिथेच थोडी उघडी राहिली, आणि पुढचा श्वास सहज आत आला. आणि त्याच्या पुढचाही.

ती सरळ झाली तेव्हा तिला कळलं की तिने स्वतःचा रोखून धरला होता.

संध्याकाळी डॉक्टर फेरीला आली. बाळ दिव्याच्या कुशीत होतं, उघड्या छातीला लावलेलं. डॉक्टरने तिथेच वाकून पाहिलं, दोन बोटांनी तळपाय दाबला.

"बारीक आहे, जपावं लागेल. दोन-तीन दिवस आमच्या नजरेखाली ठेवू. पण श्वास चांगला घेतेय." ती उठली. आता धोका टळल्यावर दिवसभराचा थकवा तिच्या आवाजात रागासारखा उतरला. "एक विचारू? महिने मोजले कोणी? अहो, एक महिना म्हणजे गंमत आहे का? मी हिला गाडीत घालून पाठवत होते. तिकडे जंगलात झाली असती म्हणजे? इतकी मोठी चूक कोण करतं?"

दिव्याने बाळाच्या पाठीवरचा हात घट्ट केला. सुगंधाबाई पुढे सरकली.

"अवो डॉक्टर बाई, ते तर आमच्या पार्व..."

"मी," रंजीता म्हणाली. "मी मोजले."

डॉक्टरने तिच्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही? तुम्ही तर कॉलेजात शिकवता ना?"

"हो. चुकले."

सुगंधाबाई भाचीकडे पाहत राहिली, मग भावाकडे. कोपऱ्यातल्या स्टुलावरून वारलू उठला. त्याने दुपट्टा खांद्यावर नीट केला, जसा तो तहसीलमध्ये साहेबांपुढे उभं राहताना करायचा.

"हो, डॉक्टर बाई," तो म्हणाला. "हिनंच मोजले. लहानपणापासून ही मोजण्यात कच्ची. हिची माय लय बोलायची हिले."

डॉक्टरला हसू आवरलं नाही. मान हलवत ती पुढच्या खाटेकडे गेली.

वारलू स्टुलावर बसला. थोड्या वेळाने त्याने दुपट्ट्याचं टोक तोंडाशी धरलं आणि खिडकीकडे वळला. सुगंधाबाई उठली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिथेच थांबली, खोलीतल्या कोणालाही तो दिसू नये अशी.